वीतभर मोकळी जागा

बोलता बोलता माझी खुर्ची खाली बसली. धाडकन नाही. फुस्स असा आवाज करून चार बोटं खाली गेली आणि थांबली, आणि जे वाक्य मी गेली दोन वर्षं वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळ्या लोकांपुढे बोलत आले आहे ते तोंडातच राहिलं. टेबलाची कड एकदम छातीशी आली, समोरचे सगळे उगाचच उंच झाले, आणि पोटात तो क्षणभराचा खड्डा पडला, झोप लागता लागता पाय घसरल्यावर पडतो तसा. विक्रीवाला हसला. "मॅडम, तुम्ही तर प्रात्यक्षिकच दिलंत!" मग साहेब हसले, मग साहेब हसल्यावर ज्यांना हसावं लागतं ते हसले. मीही हसले. काय करणार? दिवसरात्र आसनं बनवणाऱ्या बाईची खुर्ची बसली तर लोकांनी हसू नये का? हसावंच. पण हसून झाल्यावर विक्रीवाल्याने पडद्यावर पुढचं चित्र लावलं, आणि त्यात माझ्या आसनाखाली ड्रॉवर होता.

ड्रॉवर. राखाडी, गोल कडांचा, दोन कप्प्यांचा, ओढायला छोटीशी मूठ. वर लिहिलेलं: वाया जाणाऱ्या जागेचा उपयोग.

आमची गाडी सुरुंगावरून जाते. म्हणजे जाऊ नये असंच सगळ्यांना वाटतं, पण गेलीच तर आतली माणसं जिवंत बाहेर यावीत म्हणून ती बांधलेली आहे. पोट नावेसारखं निमुळतं, स्फोटाचा जोर दोन्ही अंगांना फाकून जावा म्हणून. जमिनीपासून उंच, तेवढंच अंतर राहावं म्हणून. हे लोकांना कळतं. जाड पत्रा कळतो, माणसाच्या छातीएवढी चाकं कळतात, काचेवर गोळी झाडून दाखवली की टाळ्या वाजतात. माझं काम कळत नाही. स्फोट झाला की गाडी फुटत नाही, पण अख्खी गाडी खालून वर उचलली जाते, तळ वर फुगतो, आणि तो हिसका माणसाच्या पावलांतून नडगीत आणि बैठकीतून कण्यात शिरतो. गाडीला चार ओरखडे आणि माणूस कमरेखाली लुळा. म्हणून माझी आसनं तळाला ठोकलेली नसतात, छताला टांगलेली असतात. पाय तळावर टेकवायचे नाहीत, समोरच्या दांडीवर ठेवायचे. आणि हिसका आला की आसन माणसाला घेऊन खाली सरकतं, मुद्दाम, रुतत रुतत, एक वीत. त्या वीतभर अंतरात सगळा राग जिरतो. तेव्हा खरं सांगायचं तर मी आसन बनवतच नाही. मी ती वीत बनवते. खाली काहीही नसणं, हा माझा माल आहे. आणि काहीही नसलेली जागा दिसली की माणसाचा हात शिवशिवतो.

*आसनाखालील जागा मोकळी ठेवावी.*

हे माझं वाक्य. गाडीत चिकटवायच्या पट्टीसाठी लिहिलेलं. ते मंजूर व्हायला एक हिवाळा आणि एक उन्हाळा गेला. एकजण म्हणाला, 'ठेवावी'मध्ये जरब नाही. एकजण म्हणाला, लाल रंग नको, जवान घाबरतील. म्हणजे सुरुंगाच्या रस्त्यावरून जाणारा माणूस माझ्या पट्टीला घाबरेल. शेवटी पट्टी मंजूर झाली, पिवळी, आणि चिकटवली कुठे? आसनाच्या खाली, मागच्या पत्र्यावर. खाली सामान ठेवलं की सामानाआड झाकली जाईल, नेमकी तिथे. मी हे सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, पण सामान ठेवायचंच नाहीये ना? मग झाकली कशी जाईल?

अशा वेळी मला कुणाचा तरी गळा धरावासा वाटत नाही, लोक म्हणतात तसं. मला लोळावंसं वाटतं. जमिनीवर पडून हातपाय आपटावेसे वाटतात, लहान मुलं दुकानात करतात तसं. त्याऐवजी मी खुर्चीचा खटका ओढून पाहिला, खुर्ची वर येते का, आली नाही. छातीशी टेबल घेऊन मी म्हटलं, "ड्रॉवर लावला तर आसन सरकणार कुठे?" विक्रीवाला म्हणाला, "मॅडम, मी काय म्हणतो, एक गाडी सहा कामं करते असं आपण सांगतोय. माणसं नेते, जखमी आणते, अधिकाऱ्यांची खोली होते, रस्ता साफ करणाऱ्या पथकापुढे चालते, गस्त घालते, रसद पोचवते. मग सामान नको? प्रत्येक ग्राहक पहिला प्रश्न हाच विचारतो. सामान कुठे ठेवायचं?" आणि माझ्या मांडीवर फोन थरथरला.

बारक्या. माझा धाकटा भाऊ. लहानपणी इतका किडकिडीत होता की कपाट आणि भिंत यांच्यातल्या फटीत उभा राहायचा. आता दारातून वाकून आत येतो, तरी बारक्याच. तो लष्करात आहे आणि गेलं वर्षभर आमच्याच गाडीतून हिंडतो, आठ जणांच्या तुकडीचा म्होरक्या. फोटो पाठवला होता. आसनावर पट्टे आवळून बसलेला, दात काढून हसणारा, आणि दोन्ही बूट समोरच्या दांडीवर, अगदी शाळेत हाताची घडी घालून बसल्यासारखे. खाली लिहिलेलं: ताई बघ, पाय वर, खूश? मी खूश झाले. मधला जो अर्धा सेकंद असतो, चित्र दिसलेलं असतं आणि समजलेलं नसतं, तेवढा वेळ मी खूश होते. मग त्याच्या पोटऱ्यांच्या मागे मला पाण्याचे कॅन दिसले. आडवे, खेटून ठेवलेले, हलू नयेत म्हणून मध्ये घोंगडी कोंबलेली. फार नीटनेटकं. त्याचं दप्तर कधी इतकं नीट नव्हतं.

मी उठले. खुर्ची माझ्या मागे फुस्स करून वर आली. हरामखोर.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात मी त्याला फोन लावत राहिले आणि तो लागत नव्हता. या व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत जावई बसतो. जावई म्हणजे चाचणीचा पुतळा. माणसाच्या वजनाचा, माणसासारखा वाकणारा, आणि कण्यात, मानेत, नडग्यांत जोर मोजायची यंत्रं बसवलेला. त्याची किंमत आणि त्याचे लाड पाहून कारखान्यात कुणीतरी त्याला जावई म्हणायला लागलं. त्याला उचलायचं तर दोघांनी, काखेत हात घालून. दरवेळी नवे कपडे, नवे बूट. आम्ही त्याला गाडीत बसवतो, पट्टे बांधतो, आणि खाली स्फोट करतो. पहिल्यांदा केला तेव्हा धूळ बसल्यावर दार मीच उघडलं. जावई मान किंचित कलती करून बसला होता, जेवणानंतर डुलकी लागलेल्या माणसासारखा, आणि आसन वीतभर खाली आलेलं. पडद्यावर कण्याची रेघ हिरव्या पट्ट्याच्या आत. मी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. मग दुसऱ्यांदा केला, त्याच आसनाखाली एक भरलेली पेटी ठेवून, कारण मीच हट्ट धरला होता की हेही दाखवा लोकांना. तेव्हाही तो तसाच बसला होता. तीच कलती मान, तीच डुलकी. चेहऱ्यात काही फरक नाही, त्याला चेहराच नाही. फक्त पडद्यावरची रेघ हिरव्यातून निघून लालमधून वर पडद्याबाहेर गेली होती. दोन्ही वेळा बाहेरून सारखाच दिसतो माणूस, हे मला तेव्हा कळलं, आणि त्या रात्रीपासून मी घरातल्या लोकांकडे, पुस्तक वाचत बसलेल्या, टीव्ही बघत बसलेल्या, थोडा जास्तच वेळ बघत राहते. बारक्या मागच्या सुट्टीत म्हणाला, "काय टक लावून बघतेस? माझं माप घेतेस का?" मी म्हटलं, "हो." खोटं नव्हतं. आसनाची पाठ मी त्याच्याच उंचीसाठी एक बोट वाढवून घेतली होती, कुणालाही न सांगता, आणि वर कारण लिहिलं होतं की अलीकडचे जवान उंच असतात. अलीकडचे जवान! आणि आता तोच माणूस, ज्याच्यासाठी मी—

फोन वाजला. आई.

"तू कामात आहेस का?"

"हो."

"मग थोडक्यात सांगते. तुझ्या पलंगाखाली जागा आहे ना, तिथे मी ते दोन गालिचे सारून ठेवते."

"आई, नको."

"का नको? रिकामी तर आहे."

"रिकामी आहे म्हणूनच नको. एक तरी जागा रिकामी राहू दे या घरात."

"कशाला, शोभेला? तू कामात, तो कामात, गालिच्यांकडे कोण बघणार? मला बाई मोकळी जागा बघवत नाही, काहीतरी गेल्यासारखं वाटतं. बरं, बारक्याचा फोन?"

"फोटो आलाय. मजेत आहे. पाय वर करून बसलाय."

"बसू दे बाई, बसू दे. दिवसभर उभंच ठेवत असतील मेले."

—आसनाची पाठ वाढवली, तोच माणूस माझी वीत पाण्याने भरून वर मलाच विचारतो, खूश? मी जिना उतरून अंगणात आले. पाहुण्यांना दाखवायची नमुना गाडी तिथे उभी असते, धुतलेली, चाकांना काळं पॉलिश केलेलं. आत शांतता असते, म्हणून मी मागचं दार ओढून आत शिरले. ते दार इतकं जड आहे की उघडताना माणूस आपोआप गप्प होतो. आत नव्या रबराचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास. टांगलेली आसनं, पुढे हाकणाऱ्याचं एक आणि मागे दोन्ही बाजूंना मिळून सात, समोरासमोर. कुणी नसतानाही कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. मी वाकून पाहिलं. नसतं पाहिलं तर बरं झालं असतं. एका आसनाखाली रंगाचे डबे, दुसऱ्याखाली झाडू आणि बादली, तिसऱ्याखाली कुणाच्या तरी चपला, जोडीने लावून ठेवलेल्या, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा. आमच्या कारखान्यात. नमुना गाडीत. माझ्या पट्टीसमोर.

*आसनाखालील जागा मोकळी ठेवा.*
*आसनाखालील जागा कृपया मोकळी ठेवा.*
*अहो, ठेवा हो मोकळी.*
*ठेवाल का? एवढं एक कराल का?*

मी पुन्हा बारक्याला फोन लावला आणि तो कानाशी धरून, मान वाकडी करून डबे बाहेर भिरकावायला लागले. एक, मग दुसरा, मग बादली. बादलीने अंगणात चांगलाच गलका केला आणि पहारेकरी धावत आला, मला पाहून तसाच मागे गेला. चपला फेकताना मात्र हात अडखळला. लहानपणी आम्ही दोघं एकाच पलंगावर झोपायचो आणि पलंगाखाली घरातलं सगळं, जे दिसायला नको ते, असायचं: ट्रंक, पत्र्याचे डबे, मोडका पंखा. वादळात बारक्याला पलंगाखाली शिरायचं असायचं आणि तिथे जागा नसायची. मग तो माझ्या पांघरुणात शिरायचा, गुडघे माझ्या पोटात रोवून. त्याचे ते टोकदार गुडघे. मी त्याला ढकलायचे आणि तो परत शिरायचा, मी ढकलायचे, तो—

"हॅलो! ताई! बघितलास फोटो?"

लागला. मी चपला हातात घेऊन आसनावर बसले.

"बघितला. खाली काय आहे?"

"कुठे खाली?"

"सोंग करू नकोस. तुझ्या बुडाखाली काय आहे?"

"पाणी."

"ते दिसतंय मला. कशाला आहे?"

"तहान लागते म्हणून." मागे कुणीतरी खिदळलं.

"बारक्या, मी इथून येऊन तुझ्या कानाखाली आवाज काढीन. तुझ्या तुकडीसमोर."

"ये ना. येताना पाणी आण." मग त्याचा आवाज जरा दूर गेला, तो चालत बाजूला गेला असावा, खडीवर बूट वाजले. "ताई, ऐक. टेकडीवर चौकी आहे. तिथे आपली माणसं आहेत आणि तिथे पाणी नाही. रस्त्यात सुरुंग पेरलेत, दुसरी कुठली गाडी त्या रस्त्याने जाऊ देत नाहीत. मागे एक ट्रक गेला होता. गेला म्हणजे गेलाच. तेव्हा जायचं ते आम्हीच."

"टपावर बांधा."

"टपावर बांधू नका, गाडी उंच आहे, चढावर उलटेल. कोण म्हणालं होतं?"

मी.

"मग मधल्या वाटेत."

"मधल्या वाटेत काही ठेवायचं नाही, स्फोटात गोळ्यासारखं उडतं. हेही तूच. आणि येताना तिथे स्ट्रेचर असतं, ताई. रोज कुणी ना कुणी असतंच."

"दोन खेपा करा. थोडं थोडं न्या."

"दोन खेपा म्हणजे त्या रस्त्यावरून दोनदा."

"मग एक माणूस कमी न्या! एक आसन रिकामं राहील, त्याच्याखाली ठेवा!"

"कुणाला कमी करू? वाटेतल्या पुलाच्या अलीकडे चौघं उतरून पुढे शोधत चालतात, दोघं त्यांच्यावर नजर ठेवतात, एक गाडी हाकतो. आणि मी. मी करून पाहिलंय गं गणित. तुझ्याइतकं येत नाही, पण केलंय."

गाडीत ऊन तापत होतं. मला विक्रीवाल्याची सहा कामं आठवली, पडद्यावर सहा चौकटींत सहा वेगळ्या गाड्या, प्रत्येकीसमोर इस्त्री केलेला माणूस. इथे एकाच गाडीला एका दिवसात सहाही कामं करायची होती, आणि मी ती आठ माणसं आणि शून्य सामान धरून आखली होती. शून्य सामान! युद्धाला जाणारी माणसं, आणि बरोबर काही नाही. तहान नाही, मागे कुणी वाट बघणारं नाही, येताना कुणाला उचलून आणायचं नाही. इतकी रिकामी माणसं मी कुठे पाहिली होती? जावई. जावयाला तहान लागत नाही. ज्या एका गोष्टीवरून मी दोन वर्षं सगळ्या जगावर खेकसत होते त्या गोष्टीत मी बरोबर होते, आजही आहे, आणि माझ्या बरोबर असण्याचा टेकडीवरच्या माणसाला घोटभरही उपयोग नव्हता. तरी चीड जाईना. उलट वाढली, कारण आता ती ठेवायलाही जागा उरली नव्हती.

"बरं," मी म्हटलं, "सगळ्यांच्या खाली असंच भरलंय का?"

"छे! काय बोलतेस?" त्याला खरंच राग आला. "सात जागा लख्ख मोकळ्या आहेत. निघायच्या आधी मी स्वतः वाकून बघतो, हात फिरवतो. एकाने परवा चपला ठेवल्या होत्या, दरीत फेकल्या. बोंबलत होता, नव्या होत्या म्हणून."

माझ्या हातातल्या चपला मी हळूच बाजूला ठेवल्या.

"फक्त माझ्याच खाली आहे," तो म्हणाला. "ते म्हणतात, पाळी लावू, रोज एकाच्या खाली. मी म्हटलं, नाही. पाळी लावली की आज याचा कॅन, उद्या त्याची पिशवी, चार दिवसांत आठही भरतात. एक जागा ठरवून भरली की बाकीच्या सात कडक ठेवता येतात. कुणी कुरकुर केली की मी माझ्या आसनाकडे बोट दाखवतो. गप्प बसतात."

पाणी दबत नाही. हे कुणाला सांगायला लागू नये, पण लोकांना वाटतं पाणी मऊ असतं. झाकण घट्ट लावलेल्या कॅनमधलं पाणी हिसक्याला दगडासारखं वागतं. आसन सरकायला निघेल आणि निघता निघताच टेकेल. रेघ हिरव्यातून लालमध्ये, लालमधून पडद्याबाहेर, आणि दार उघडणाऱ्याला तो मान कलती करून बसलेला दिसेल, डुलकी लागल्यासारखा. मला ती सातही माणसं माहीत नव्हती. एकाच्या चपला नव्या होत्या, एक खिदळतो, एवढंच. त्यांच्याही घरी पलंग असतील, पलंगाखाली गालिचे सारणाऱ्या बायका असतील. मी आठ आसनं आखली तेव्हा आठांना सारखंच मोजलं होतं, एका बोटाचा काय तो फरक. आता मोजायला गेले तर एकच मोजता येत होता. त्याचे टोकदार गुडघे माझ्या पोटात होते आणि मी पहिल्यांदाच त्याला ढकलत नव्हते.

"बारक्या," मी म्हटलं. आवाज माझाच होता, सभेत लागतो तो, स्वच्छ आणि ठाम. "ते कॅन दुसऱ्या कुणाच्या तरी खाली ठेव."

खडीवरचे बूट थांबले. दूर कुणीतरी इंजिन सुरू केलं, आमचंच इंजिन. तो घरघरणारा सूर मला झोपेतही ओळखता येतो. मला वाटलं फोन कटला. मग वाटलं, कटला असला तर बरं.

आणि मग तो हसला. मोठ्याने, मनापासून.

"परीक्षा घेतेस होय माझी? च्यायला, घाबरवलंस. तुकडी हातात देताना आमच्या साहेबांनीही अस्साच प्रश्न टाकला होता, तोंड एवढं गंभीर करून. तेव्हाही मी आधी दचकलो होतो." इंजिनाचा आवाज वाढला, कुणीतरी त्याला हाक मारली. "आलो, आलो! ताई, निघायचंय. सांग लवकर, किती मार्क?"

मी तोंड उघडलं. आत खूप काही होतं, सगळं एकावर एक रचलेलं, एकही गोष्ट ओढून बाहेर काढता येईना.

"ताई? ऐकू येतंय ना?"

"पैकीच्या पैकी," मी म्हटलं.

"अरे ऐका रे," तो तिकडे ओरडला, "पैकीच्या पैकी!" आणि त्या सातांनी शिट्ट्या वाजवल्या.